जुन्या पॅचशेजारी पुन्हा गंज: बीम कुठवर फोडायचा, हमी कुणाची?

प्रश्न
बीमच्या तळाला सहा वर्षांपूर्वी पॉलिमर मॉर्टरचा पॅच मारला होता. पॅच शाबूत आहे, पण त्याच्या दोन्ही कडांना लागून भेगा आणि गंजाचे डाग आलेत. जुना ठेकेदार म्हणतो, "माझा पॅच सुटलेला नाही, हमी लागू होत नाही." फक्त भेगाळलेला भाग फोडून भरला तर चालेल का?

उत्तर १
नाही चालणार. काँक्रीटमध्ये क्लोराइड (मिठातला, सळई गंजवणारा घटक) असेल तर सर्वांत जास्त गंजणारा सळईचा तुकडा ॲनोड होतो, म्हणजे स्वतः गंजतो, आणि शेजारच्या सळईला वाचवतो. तो तुकडा नव्या मॉर्टरमध्ये गेला की हे संरक्षण संपतं. मग गंज कडेला धरतो. तेवढीच कड भरलीत तर तो आणखी पुढे सरकेल.

आधी सळईच्या खोलीपर्यंत थराथराने ड्रिलची भुकटी काढून क्लोराइड तपासा. ताज्या फोडीवर फिनॉल्फथॅलीन (अल्कलीत गुलाबी होणारं द्रावण) मारा. गुलाबी झालं नाही तिथवर कार्बोनेशन पोचलंय, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटची अल्कली घटलीय. कॉपर सल्फेट हाफ-सेलने (काँक्रीटवर टेकवून सळईचा विद्युतदाब मोजायचं साधन) −३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण वाचन आलं, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक धरतात. हे वाचन पॅचवरून मात्र घेऊ नका. पॉलिमर मॉर्टरचा विद्युतरोध जास्त असतो, आकडा फसवतो.

उत्तर २
फोडण्याआधी टेकू लावा. तळाच्या सळया मागून मोकळ्या केल्या की काँक्रीटची पकड सुटते. कड कटरने किमान १० मिमी सरळ कापा, निमुळती ठेवू नका. सळईमागे २०–२५ मिमी मोकळं करा. गंज साफ केल्यावरच कॅलिपरने व्यास मोजा. व्यास १० टक्के घटला तर क्षेत्रफळ १९ टक्के जातं. जस्ताचे ॲनोड (सळईऐवजी स्वतः गंजणारे तुकडे) बांधणार असाल तर जुन्या दुरुस्तीत सळईवर इपॉक्सी मारलंय का ते खरवडून पाहा. त्यावर तार बांधली तर जोडच होत नाही.

उत्तर ३
हातोडा लागला की पुरावा गेला. म्हणून जुन्या ठेकेदाराला लेखी नोटीस देऊन तारीख ठरवा, संयुक्त पाहणी करा, भेगांचा नकाशा आणि मोजपट्टीसह फोटो काढा. कोअरचे (काँक्रीटमधून कापून काढलेल्या गोल कांड्यांचे) नमुने क्रमांक घालून जपून ठेवा. मग जुनी कागदपत्रं काढा: हमी "पॅच सुटणार नाही" एवढीच आहे की "गंज पुन्हा येणार नाही" अशी? ड्रॉइंगमध्येच फक्त सैल भाग भरायला सांगितलं असेल, तर जबाबदारी डिझायनरकडे वळू शकते.

नव्या करारात फोडल्यावर वाढणाऱ्या कामाचा दर आधीच लिहून घ्या. हमी कुठल्या बीमच्या किती लांबीला, तेही नकाशावर रंगवून दोघांच्या सह्या घ्या.