लाव्ह्याखालचा समुद्र

‘मध्य भारतात सगळा बेसॉल्ट (थिजलेल्या लाव्ह्याचा काळा खडक), समुद्री जीवाश्मांसाठी कच्छ नाहीतर हिमालयातलं स्पितीच गाठावं लागतं’ हे मत मला पटलं नाही. बेसॉल्टमध्ये ते मिळणार नाहीत हे खरं, पण त्याच्या खालच्या थरांचं काय? मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात, बाघच्या आसपास सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचा चुनखडक उघडा पडलाय. तेव्हा नर्मदेच्या खचदरीतून पश्चिमेचा समुद्र आत शिरला होता. दख्खनचा लाव्हा त्यानंतर दोनेक कोटी वर्षांनी आला.

याच भागातल्या चिराखान गावचा दगड भिंगाखाली बघाच. ब्रायोझोआंच्या, म्हणजे वसाहती करून राहणाऱ्या चिमुकल्या जलचरांच्या, बारीक, फांद्याफांद्यांच्या सांगाड्यांचे तुकडे त्यात नुसते ठासून भरलेत! इथल्याच गाठाळ चुनखडकात अमोनाइट (गुंडाळलेल्या शंखाचे, आता नामशेष झालेले समुद्री प्राणी) आणि सी-अर्चिन (काटेरी, गोलसर समुद्री प्राणी) यांचे जीवाश्मही सापडतात. जाणार असाल तर फोटो काढा, पण कृपया काही उचलून आणू नका.