गच्चीवरचा फाटलेला तिरंगा : सोसायटी ग्रुप

बी-३०४ : गच्चीवरचा झेंडा बघितला का कुणी? केशरी पट्ट्याची कड उसवून लोंबतेय, पावसाने रंग पण उडालाय. आजच्या आज उतरवायला हवा

सी-२०१ : पण आता दिवसरात्र ठेवायला परवानगी आहे ना ताई?

बी-३०४ : २०२२ पासून आहे, पण चांगल्या अवस्थेतला. फाटका, मळका झेंडा लावायचाच नाही असं ध्वजसंहितेत स्पष्ट आहे

सेक्रेटरी : वॉचमनला सांगतो. नंतर सुक्या कचऱ्यात देऊन चालेल का?

ए-१०२ सुभेदारकाका : नाही हो साहेब, कचऱ्यात अजिबात नको. आणि वॉचमनला एकट्याला नका पाठवू, मी येतो, सोबत एक जण द्या. चढवताना झपकन चढवतात पण उतरवताना सावकाश, मानाने उतरवायचा, खाली टेकू द्यायचा नाही. मग दोघांनी आडवा धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, नंतर पांढरा असा दुमडायचा की अशोकचक्र वर राहील आणि केशरी-हिरव्याचा थोडा थोडा भाग दिसेल, आणि दोन्ही तळहातांवर घेऊन खाली आणायचा. काखेत मारून नाही

बी-१०३ : गणपतीच्या निर्माल्यासोबत विसर्जन केलं तर? भावना तर चांगलीच आहे

बी-३०४ : भावना समजते, पण झेंडा पाण्यात लोळू द्यायचा नाही असा नियम आहे. खराब झालेला तिरंगा अख्खाच, एकांतात, शक्यतो जाळून किंवा त्याचा मान राखला जाईल अशा दुसऱ्या रीतीने नष्ट करायचा. तुकडे करून पुसायला वगैरे तर विचारही नको

सी-४०२ : मग रविवारी पार्किंगमध्ये छोटा कार्यक्रम करू ना, मुलं राष्ट्रगीत म्हणतील, फोटो पण काढू

सुभेदारकाका : मुलांना घडी घालायला जरूर बोलवा, ती त्यांनी शिकलीच पाहिजे. पण जाळणं चारचौघांत नाही. राष्ट्रीय प्रतीकांचा अपमान रोखणारा १९७१ चा कायदा आहे, त्यात लोकांसमोर किंवा लोकांना दिसेल असा झेंडा जाळला तर ३ वर्षांपर्यंत कैद आहे. आपला हेतू चांगला असला तरी कुणी अर्धाच व्हिडिओ फिरवला तर समजावत कोण बसणार, आणि मुळात ती फोटोची गोष्टच नाही. आपली गच्ची पण चारी बाजूंनी दिसते

सी-२०१ : आणि काका हा पॉलिएस्टरचा आहे, जळताना वितळून काळा धूर होतो, बिल्डिंगमध्ये नकोच

सुभेदारकाका : बरोबर. सासवडला माझं शेत आहे, शनिवारी मी जातोय, सेक्रेटरीसाहेब तुम्ही चला सोबत. लोखंडी घमेलं आहे तिकडे. दोघं उभे राहू, सलाम करू आणि पूर्ण जळेपर्यंत थांबू, अर्धवट सोडून यायचं नाही

सेक्रेटरी : येतो काका. नवीन घेताना खादीचा घेऊया का? पॉलिएस्टरला २०२१ च्या शेवटी परवानगी मिळाली तरी मला खादीच बरी वाटते, आपल्या नांदेडला पण तयार होतात

बी-३०४ : खादीला माझं अनुमोदन, वर्गणी देते. आणि मुलांचे कागदी झेंडे अजून बागेत, जिन्यात पडलेत, ते पण असे टाकायचे नसतात. आज संध्याकाळी मी गोळा करते, ज्यांच्या घरी असतील त्यांनी माझ्याकडे आणून द्या, काका शनिवारी तेही घेऊन जातील

सुभेदारकाका : द्या ताई. स्वच्छ पिशवीत घालून द्या, सकाळी ७ ला निघतोय