मांचू सत्ता १८६४ ला टिकली, मग १९११ ला चार महिन्यांत कशी कोसळली?

तापीकाठ (चोपडा)
राम राम मंडळी. आधुनिक जगाच्या पेपरसाठी चीनची क्रांती करतोय. नोट्समध्ये सगळीकडे एकच रांग लावलेली असते: अफूची युद्धं, ताइपिंग बंड, जपानकडून हार, बॉक्सर (परकीयांविरुद्धचं बंड), मग क्रांती. पण ताइपिंग बंडात दोन कोटींहून जास्त माणसं मेली, नानजिंग ११ वर्षं बंडखोरांकडे होतं, तरी १८६४ ला बंड मोडलं आणि चीनवर राज्य करणारं मांचू घराणं तगलं. हूपे प्रांतातल्या वुचांगला मात्र १० ऑक्टोबर १९११ ला काही हजार शिपाई उठले आणि १२ फेब्रुवारी १९१२ ला सहा वर्षांच्या बादशहा पु-यीच्या नावानं राज्यत्याग जाहीर झाला. मधल्या काळात नेमकं काय बदललं?

गिरणाथडी (चाळीसगाव)
भाऊ, घराणं तगलं कसं ते आधी बघा. ताइपिंगांना मोडलं ते मांचूंच्या 'आठ निशाणां'च्या पिढीजात फौजेनं नाही, ती केव्हाच निकामी झाली होती. त्सेंग कुओ-फाननं हूनानमध्ये आणि ली हुंग-चांगनं आन्ह्वेईमध्ये आपापल्या मुलखातली माणसं भरून फौजा उभ्या केल्या. त्यांच्या पगारासाठी १८५३ पासून 'लिकिन' सुरू झाला, म्हणजे नाक्यानाक्यावर मालावर घ्यायची जकात. बंड संपलं, पण जकातही प्रांतांकडे राहिली आणि फौज उभी करायची सवयही.

दुसरं, खंडणी. १८९५ च्या शिमोनोसेकी तहानं जपानला २० कोटी ताएल (चांदीचं चिनी वजन) द्यायचे ठरले, शिवाय लिआओतुंग द्वीपकल्प परत मिळवायला ३ कोटी. पेकिंगच्या केंद्र सरकारचं तेव्हाचं वर्षाचं उत्पन्न नऊ कोटींच्या आसपास. बॉक्सर प्रकरणानंतर १९०१ ला आणखी ४५ कोटी, ३९ वर्षांत, ४ टक्के व्याजानं. सव्याज हिशेब ९८ कोटींवर जातो. एक ताएल म्हणजे सुमारे ३७ ग्रॅम चांदी, तीन तोळ्यांहून थोडी जास्त. नुसती ४५ कोटींची मुद्दल धरली तरी १६,००० टनांहून जास्त चांदी होते. जळगावच्या सराफ बाजारात किलोनं चांदी मोजणाऱ्याला हा आकडा लगेच कळेल. हमी म्हणून सागरी जकात आणि मिठाचा कर गहाण. हप्त्यांचा वाटा प्रांतांवर टाकला आणि प्रांतांनी तो नव्या करांच्या रूपानं शेतकऱ्यावर.

तिसरी गोष्ट नोट्समध्ये कायम निसटते. १९०१ नंतरच्या सुधारणांनीच विरोधकांना जागा करून दिली. १९०५ ला सरकारी नोकरीच्या जुन्या परीक्षा बंद झाल्या. शिकलेली घराणी पिढ्यान्‌पिढ्या गादीशी बांधलेली होती ती त्या परीक्षांमुळे. आता तीच पोरं हजारोंनी जपानला गेली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोकियोत क्रांतिकारक नेते सन यत्-सेन यांचा तुंगमंगहुई हा क्रांतिकारी संघ स्थापन झाला. १९०९ ला प्रांतिक सभा आल्या, म्हणजे स्थानिक प्रतिष्ठितांना सरकारला जाब विचारायला व्यासपीठ मिळालं. पाश्चात्त्य धर्तीच्या नव्या फौजेत लिहिता-वाचता येणारे शिपाई घेतले, त्यांच्यात क्रांतिकारकांची पत्रकं फिरू लागली.

यार्डातला (भुसावळ)
वरचं सगळं बरोबर, पण ठिणगी रेल्वेची होती. १९११ चा मे महिना तारखांसकट पाठ करा. ८ मे ला पहिलं मंत्रिमंडळ जाहीर झालं: १३ जणांत हान (बहुसंख्य चिनी) फक्त ४, बाकी बहुतेक मांचू आणि त्यातही राजघराण्यातले. संविधानाची वाट बघणारे नेमस्त तिथेच दुरावले. दुसऱ्याच दिवशी मुख्य रेल्वेमार्ग सरकारजमा. २० मे ला त्याच मार्गांसाठी ब्रिटिश, फ्रेंच, जर्मन आणि अमेरिकन बँकांकडून ६० लाख पौंडांचं कर्ज.

आपल्या भुसावळवरून गेलेल्या जीआयपी रेल्वेचं भांडवल विलायतेतल्या भागधारकांचं होतं आणि त्यांना ५ टक्के परताव्याची सरकारी हमी होती. सिचुआनमध्ये उलटं होतं. तिथं जमिनीच्या उत्पन्नातून साधारण ३ टक्के सक्तीनं कापून त्याचे शेअर दिले जायचे, त्यामुळे रेल्वे प्रत्यक्षात फारशी झाली नसली तरी भागधारक गावोगावी होते. हूनान-हूपेच्या व्यापारी भागधारकांना दर्शनी किमतीचे रोखे मिळाले. सिचुआनच्या कंपनीनं शांघायच्या रबर शेअरांत सुमारे ३० लाख ताएल घालवले होते, ते भरून द्यायला पेकिंगनं नकार दिला. ऑगस्टमध्ये बाजार बंद, शाळा बंद, कर बंद. ७ सप्टेंबरला छंगदूत राज्यपालाच्या कचेरीसमोर गोळीबार झाला, माणसं मेली. मग बंदोबस्ताला हूपेची नवी फौज सिचुआनला धाडली आणि वुचांगचा पहारा पातळ झाला. हा दुवा उत्तरात आलाच पाहिजे.

तापीकाठ (चोपडा)
सिचुआन-वुचांगचा हा धागा कुठंच वाचला नव्हता, धन्यवाद. मग सन यत्-सेन यांचा वाटा किती लिहायचा?

पांझरा (धुळे)
ताई असाल की दादा, एक चूक टाळा: 'सन यत्-सेन यांनी वुचांगचा उठाव केला' असं लिहू नका. ते तेव्हा अमेरिकेत डेन्व्हरला होते, बातमी त्यांना वर्तमानपत्रातून कळली. आधीच्या अनेक फसलेल्या उठावांची उभारणी, परदेशातल्या चिन्यांकडून जमवलेला पैसा आणि तीन लोकतत्त्वं (राष्ट्रवाद, लोकशाही, लोकांची उपजीविका), हा त्यांचा वाटा, आणि तो मोठा आहे.

वुचांगचा क्रम असा. ९ ऑक्टोबरला वुचांगसमोर नदीपलीकडच्या हांकोच्या रशियन वसाहतीत बाँब बनवताना स्फोट झाला, पोलिसांना सभासदांच्या याद्या सापडल्या. १० तारखेला पहाटे तिघांची डोकी उडवली. यादीत नाव असलेल्या शिपायापुढे उठाव किंवा फाशी एवढेच दोन रस्ते उरले. संध्याकाळी अभियंता दलाची ८ वी पलटण उठली आणि तिनं चूवांगताय शस्त्रागार घेतलं. गव्हर्नर-जनरल रुइचंग युद्धनौकेवर पळाला. पुढारी हाताशी नव्हता, म्हणून ली युआन-हुंग या अधिकाऱ्याला त्याच्या मनाविरुद्ध प्रमुख केलं. पुढे प्रांत एकामागून एक फुटले. त्यांना थोपवण्याजोगी फौज होती ती उत्तरेतली पेइयांग, आणि ती युआन शि-काईची. बाल बादशहाच्या वतीनं कारभार बघणाऱ्या रीजंटनं १९०९ ला पायाच्या दुखण्याचं निमित्त करून त्यालाच घरी बसवलं होतं. आता त्यालाच बोलवावं लागलं आणि त्यानं दोन्हीकडे सौदा केला: बादशहाला किताब, राजवाडा आणि वर्षाला ४० लाखांचा तनखा, स्वतःला राष्ट्राध्यक्षपद. १ जानेवारी १९१२ ला हंगामी अध्यक्ष झालेल्या सन यत्-सेन यांनी १३ फेब्रुवारीला राजीनामा दिला.

१५ गुणांच्या उत्तरात अफूच्या युद्धांना तीन-चार ओळी पुरेत. लिकिन, खंडणी आणि मे १९११ यांना निम्मी जागा द्या. शेवटी युआनचा मृत्यू, ६ जून १९१६, आणि प्रांतोप्रांतीच्या लष्करशहांचा उल्लेख करा. तो गिरणाथडींनी सांगितलेल्या प्रांतिक फौजांशी जोडून लिहा.