मोप्तीचा पूर

पुराने मोप्तीच्या लोकांचं कंबरडं मोडतं, हे इथल्या चर्चेतलं एक मत पटलं नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या त्या भागात कंबरडं मोडतं ते पूर आला नाही तर. १९८४ ला नायजर नदी नीट भरलीच नाही आणि मासे, गुरं, भात सगळ्यांचेच हाल झाले. पाणी तरी कुठलं, तर गिनीच्या डोंगरात पडलेल्या पावसाचं. मोप्तीत भर पूर येतो तो तिथला पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात.

चर्चेत कोणी तिथल्या बुर्गू गवताचा विषय काढलेला दिसला नाही. पाण्याबरोबर हे वाढत जातं, देठ चांगले काही मीटर लांब होतात. त्याच्या आडोशाला मासे वाढतात, ते बोझो कोळ्यांचे. पाणी ओसरलं की तेच गवत फुलानी गुराख्यांच्या गाईंना. शिवाय देठ गोड असतात, त्यांचं सरबतही करतात! एकाच जमिनीवर पाळीपाळीने इतक्यांची पोटं, म्हणजे भांडणं आलीच. म्हणून जाफाराबे या नदीकाठच्या गावी गुरं नदीपार कधी न्यायची, कुठला कळप आधी, हे बैठकीत ठरवून घेतात. वरच्या अंगाला सेलिंगे धरण झालंय, पण ते पाणी कधी सोडायचं हे मात्र या बैठकीच्या हातात नाही.