मदत हवी आहे: बेंगळुरूच्या लालबागेत एका दिवसाचा क्रम कसा लावावा?

नमस्कार मंडळी. मडगावहून बारा जण बेंगळुरूला जात आहोत, त्यात दोघे सत्तरीपुढचे. यशवंतपूरला सकाळी उतरल्यावर मेट्रोच्या हिरव्या मार्गाने थेट लालबाग स्थानक गाठता येतं, इथवर ठरलंय. अडचण पुढची आहे. बाग 240 एकरांची. सगळं पाहायला निघालो तर वयस्कर माणसं दुपारपर्यंत थकतील.

केंपेगौडा बुरुजाचा खडक मुळीच सोडायचा नाही. तो सुमारे 300 कोटी वर्षांचा नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) आहे, पण उघडा असल्याने उन्हात लवकर तापतो, म्हणून तो सर्वांत आधी घ्यायचा विचार आहे. मग 1889 चं काचघर, आणि पांढऱ्या सावरीचा जुना वृक्ष. आपल्या काटेसावरीहून त्याची आधारमुळं किती वेगळी, फळ्यांसारखी रुंद पसरलेली, हे मुलांना दाखवायचंच आहे. तळं शेवटी.

जाणकारांनी सांगावं: खडकावर चढताना वयस्करांना आधार मिळेल अशी बाजू कोणती? बॅटरीची गाडी कोणत्या फाटकावर मिळते? आणि जानेवारीच्या पुष्पप्रदर्शनात गर्दी टाळायला कोणता वार बरा?