मदत हवी आहे: ताजी अंजिरं ब्रँडीच्या पाकात बरणीबंद करायची आहेत, लिंबू आणि उकळणं टाळता येतं का?

नमस्कार मंडळी,

माझं माहेर पुरंदर तालुक्यात, दिवे गावाजवळ. दादाची अंजिराची बाग आहे. सध्या मीठा बहार चालू आहे आणि माल भरपूर निघतोय. ज्यांनी अंजीर जवळून पाहिलंय त्यांना माहितीच असेल, हे फळ झाडावरून काढलं की त्याचा भरवसा नाही, दुसऱ्या दिवशी मऊ पडतं आणि त्यानंतर आंबूस वास यायला लागतो, त्यामुळे दादा पहाटे तोडणी करून चांगला माल मार्केटला पाठवतो आणि आकाराने लहान किंवा पाटीत न बसणारी फळं घरी राहतात. २०१६ मधे पुरंदरच्या अंजिराला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, नाव झालं, पण म्हणून फळ दोन दिवस जास्त टिकत नाही ना. जॅम दर वर्षी करतो. सुकवायला आपलं अंजीर तितकंसं बरं नाही, ते खायलाच गोड.

तर मला आता अख्खी अंजिरं ब्रँडी घातलेल्या साखरेच्या पाकात घालून काचेच्या बरण्यांमधे सील करायची आहेत, म्हणजे दिवाळीत आणि नाताळात आइस्क्रीमवर किंवा नुसती वाटीत देता येतील. जावेकडे फ्रान्सहून आलेल्या बरणीतली खाल्ली होती, चव अजून तोंडात आहे. आपल्या मातीतल्या अंजिराचं असं काही व्हावं असं मनापासून वाटतं.

अडचण अशी की जिथे बघावं तिथे वेगळंच लिहिलंय. एक कृती म्हणते पाक गरम करा, गॅस बंद करून ब्रँडी घाला, बरणीत ओता, झाकण लावून बरणी उलटी ठेवा, झालं. दुसरी म्हणते लिंबाचा रस घालायचा आणि बरण्या पाण्यात बुडवून पाऊण तास उकळायच्या. तिसरीत स्पष्ट लिहिलंय की दारू आहे त्यामुळे लिंबाची गरज नाही, लिंबाने चव बिघडते. मला पाऊण तास उकळायचं जरा जिवावर आलंय, अंजिराचा लगदा होईल अशी भीती वाटते. पण घरी सासूबाई आहेत, त्यांचं वय झालंय, आणि बरण्या इतरांनाही द्यायच्या आहेत, त्यामुळे चूक नकोय.

बोहरी आळीतून अर्ध्या लिटरच्या बरण्या आणलेल्या आहेत, फिरकीची नवी झाकणं आहेत. ब्रँडी साधी ४२.८ टक्क्यांची. पाव भाग ब्रँडी आणि बाकी पाक असं प्रमाण धरलंय. यात लिंबू आणि उकळणं वगळता येईल का? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा प्लीज.

प्रतिसाद

ताई काही होत नाही हो. आमच्याकडे ख्रिसमस केकसाठी मनुका, बेदाणे, टूटीफ्रूटी रममधे भिजवून ठेवतात, वर्षभर कपाटात असतं, फ्रीज नाही काही नाही. दारूत किडा जगत नाही. बिनधास्त करा.

प्रतिसाद

वरच्यांचा अनुभव खोटा नाही पण तो इथे लागू होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. फळप्रक्रियेच्या क्षेत्रात काम केलंय.

केकच्या मनुका सुक्या असतात आणि नुसत्या रममधे बुडालेल्या असतात, पाणी जवळजवळ नाहीच. ताज्या अंजिरात सुमारे ८० टक्के पाणी असतं. आता ताईंचं प्रमाण घेऊन हिशोब करा. १ किलो अंजीर, पाऊण लिटर पाक, पाव लिटर ब्रँडी. पाव लिटर ब्रँडीत शुद्ध अल्कोहोल साधारण १०७ मिली. काही दिवसांनी फळातलं पाणी बाहेर येतं आणि पाक आत जातो, सगळं मिळून पावणेदोन-दोन लिटर द्रव झाला, म्हणजे अल्कोहोल राहिलं ६ टक्क्यांच्या आसपास. ही बिअरची ताकद झाली! उघडी बिअर टिकते का? वाईन बनवणारं यीस्ट १२-१४ टक्क्यांपर्यंत आरामात काम करतं. त्यामुळे या बरणीत ब्रँडी फक्त चव आणि वास देते, राखण करत नाही. राखण करायची आंबटपणाने आणि उष्णतेने.

आणि अंजिराचा प्रश्न इथेच आहे. घरच्या घरी उकळत्या पाण्यात बरणीबंद करायचं तर फळाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली लागतो. स्ट्रॉबेरी, अननस, कैरी हे सगळे आंबट, निर्धास्त आहेत. अंजीर गोड फळ, पीएच ५ च्या वरच. ४.६ च्या वर आणि हवाबंद बरणी म्हटलं की बॉट्युलिझमचा जिवाणू, क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम. त्याचे बीजाणू मातीत असतात, १०० अंशाला उकळून मरत नाहीत आणि हवा नसली की वाढून विष तयार करतात. वास बदलत नाही, चव बदलत नाही, प्रत्येक वेळी झाकण फुगेलच असंही नाही. खाल्ल्यावर साधारण १२ ते ३६ तासांत दोन दोन दिसणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं, मग श्वास. दुर्मिळ आहे हे मान्य, पण सासूबाईंचा उल्लेख तुम्हीच केलात म्हणून सांगते, आम्लाशिवाय अंजीर बरणीबंद करू नका. तिसरी कृती मनातून काढून टाका.

बरणी उलटी ठेवायची पद्धतही नको. झाकण चिकटतं, सील झाल्यासारखं दिसतं, पण आतल्या फळाच्या गाभ्यापर्यंत पुरेशी उष्णता पोचलेली नसते.

धागाकर्ती

बाप रे, हे ६ टक्क्यांचं गणित कोणीच कुठे लिहिलं नव्हतं. खूप आभार. मग आता लिंबू घालायचंच. आमच्याकडे कागदी लिंबू आहे दारात, ताजा रस चालेल ना? किती घालायचा? आणि प्रेशर कुकरमधे शिट्ट्या काढल्या तर वेळ वाचेल का, कुकरमधे तापमान जास्त असतं ना?

प्रतिसाद

ताजं लिंबू नको, कारण त्याचा आंबटपणा झाडागणिक आणि मोसमागणिक बदलतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तपासलेल्या पद्धतीत बाटलीतला लिंबाचा रस सांगितलाय, कारण त्यातलं आम्ल ठरावीक असतं. त्याहून सोपं म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल, म्हणजेच सायट्रिक अॅसिड. अर्ध्या लिटरच्या बरणीला पाव टीस्पून, एक लिटरला अर्धा टीस्पून. रस घ्यायचा असेल तर अर्ध्या लिटरला १ टेबलस्पून, लिटरला २. चमचे मोजमापाचे घ्या, चहाचा चमचा नको. आणि हे पाकात एकत्र न घालता प्रत्येक बरणीत वेगळं घाला, म्हणजे एकीत जास्त एकीत कमी असं होत नाही. लिंबूफुलाने लिंबाचा वास येत नाही, नुसता हलका आंबटपणा येतो आणि अंजिराला तो उलट चांगला लागतो, नाहीतर फार मिट्ट होतं.

कुकर नको. आपला शिट्टीचा कुकर भात-वरणासाठी आहे, तो पटकन तापतो, पटकन थंड होतो, आणि त्या हिशोबाने बरणीत किती उष्णता गेली हे कोणी मोजलेलं नाही. शिवाय प्रेशर एकदम उतरलं की बरणीतला पाक बाहेर उसळतो. मोठं खोल पातेलं घ्या, तळाला जाळी किंवा जाड फडकं, बरण्या एकमेकींना लागणार नाहीत अशा.

पद्धत अशी. अंजिरं पिकलेली पण घट्ट घ्यायची, फुटलेली किंवा मऊ झालेली जॅमला ठेवा. साल काढायची नाही. देठाचा चीक हाताला खाजतो, ग्लव्ह्ज घाला. अंजिरं पाण्यात २ मिनिटं उकळून निथळा, मग पाकात ५ मिनिटं हळू उकळा. पाक पातळ हवा, ८०० मिली पाण्याला २०० ग्रॅम साखर, एकतारी वगैरे करू नका, घट्ट पाकात फळ आक्रसतं आणि कडक होतं. गरम बरणीत लिंबूफूल, मग गरम अंजिरं, मग पाक, वर दीड सेंटीमीटरच्या जरा आत जागा मोकळी. एखादी लाकडी काडी कडेने फिरवून हवेचे बुडबुडे काढा, काठ पुसा, झाकण लावा पण गच्च आवळू नका. पाणी झाकणाच्या वर निदान ५ सेंटीमीटर हवं. पाणी खळाखळा उकळायला लागल्यापासून वेळ धरायची.

किती वेळ ते तुमच्या उंचीवर आहे. समुद्रसपाटीला अर्ध्या लिटरसाठी ४५ मिनिटं, पण पुणे ५६० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशालाच उकळतं, म्हणून ५० मिनिटं. एक लिटरची बरणी असेल तर ५५. महाबळेश्वरला कोणी करणार असेल तर दोन्हींत आणखी ५ मिनिटं. लगदा होत नाही, मी स्वतः करते, घट्ट फळ घेतलं तर आकार राहतो. मधल्या वेळात पाणी उकळायचं थांबलं तर परत सुरुवातीपासून वेळ मोजायची.

प्रतिसाद (जर्मनीहून)

इथे ब्रँडी कधी घालायची हे राहिलंच की. अर्ध्या लिटरच्या बरणीला २ टेबलस्पून, तेवढा पाक कमी. पाकाचं पातेलं गॅसवरून खाली घेतल्यावरच ब्रँडी ओता, कारण अल्कोहोल ७८ अंशाला उकळतं आणि ती वाफ ज्योतीवर पेट घेते, किचनमधे हे खरोखर होतं. गॅस पूर्ण बंद, चिमणी चालू.

पण खरं सांगू का, मी ब्रँडी बरणीत घालतच नाही. ५० मिनिटांच्या उकळण्यात झाकणातून हवेबरोबर सुगंधही जातो. मी अंजिरं साध्या पाकात बरणीबंद करते, आणि वाढायच्या आठवडाभर आधी बरणी उघडून त्यात ब्रँडी घालून फ्रीजमधे ठेवते. चव कितीतरी जास्त येते आणि पाहुण्यांमधे ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी साधी बरणी तशीच राहते.

आणि ज्यांना दारूनेच टिकवायचंय त्यांच्यासाठी इथली पद्धत वेगळीच आहे, रुमटोफ. मातीचं मोठं झाकणाचं भांडं, जूनमधे स्ट्रॉबेरी, फळाच्या निम्मी साखर, आणि वरून ५४ टक्क्यांची रम, फळं पूर्ण बुडेपर्यंत. मग चेरी, जर्दाळू, प्लम, जसं जे फळ येईल तसं भर घालत जायचं आणि नाताळच्या आधीच्या अॅडव्हेंटला उघडायचं. यात उकळणं नाही, कारण इथे खरोखर दारूच राखण करते. फळ वर तरंगलं की बशी ठेवून दाबतात. तुमच्या ४२.८ वाल्या ब्रँडीत करायचं असेल तर पाक अजिबात नको, १ किलो अंजिराला १ लिटर ब्रँडी घेतलीत तर शेवटी २४ टक्क्यांच्या आसपास राहतं, ते पुरेसं आहे. साखर थोडी, आणि फळ कायम बुडालेलं. पण ते जहाल लागतं, आइस्क्रीमवर एखादंच.

प्रतिसाद

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्यात. एक, बरण्या इतरांना देणार म्हणताय तर लेबलवर दारू आहे हे ठळक लिहा, महाराष्ट्रात ब्रँडीसारखी कडक दारू पिण्याचं किमान वय २५ आहे, आणि लहान मुलं, गरोदर बाया, औषधं चालू असलेली माणसं असतात घरात. विकायचा विचार मात्र करू नका, त्याला एक्साइजचं लायसन्स लागतं, भाऊ बागेच्या नावाने विकू म्हणाला तरी साध्या पाकातलीच विका, तीही एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) रजिस्ट्रेशन करून. दोन, ब्रँडी घेताना लेबलवर ग्रेप ब्रँडी लिहिलंय का बघा. आपल्याकडच्या स्वस्त ब्रँडीत मळीचं स्पिरिट आणि कॅरमेलच जास्त असतं, अंजिरासारख्या नाजूक फळावर तो वास बसतो. नाशिककडच्या वायनरीची मिळाली तर उत्तम. फेणी कोणी सुचवेल, मला फेणी आवडते, पण अंजिराचं त्यात काही उरत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे खरंच मनापासून आभार, इतकं नीट कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. तर ठरलं, सगळी अंजिरं साध्या पातळ पाकात लिंबूफूल घालून ५० मिनिटं, आणि ब्रँडी उघडल्यावर. सासूबाईंची बरणी वेगळी राहील, हे मला फार आवडलं. एखाद्या छोट्या बरणीत नुसत्या ब्रँडीतली पण करणार, दादाला चाखायला.

आता फक्त झाकणांची शंका उरलीये. फिरकीची झाकणं एकदाच वापरायची का? आणि सील झालंय हे ओळखायचं कसं, मधोमध दाबून बघायचं एवढंच का?

प्रतिसाद

हो, एकदाच. आतल्या रबरासारख्या थराला बरणीच्या काठाची खाच पडते, दुसऱ्यांदा तो नीट बसत नाही. वर सांगितलेल्या वेळा दोन भागांच्या झाकणावर, म्हणजे सपाट चकती आणि वेगळी रिंग, त्यावर तपासलेल्या आहेत, ती ऑनलाइन मिळतात, जमलं तर तीच घ्या.

गॅस बंद केल्यावर ५ मिनिटं बरण्या पाण्यातच राहू द्या, मग उचलून फडक्यावर ठेवा, वाऱ्यात नको, फरशीवर नको, आणि १२ ते २४ तास हात लावू नका, झाकण आवळूही नका. नंतर मधोमध दाबा. झाकण आत ओढलेलं असेल आणि हलत नसेल तर सील झालंय. टकटक वाजलं तर ती बरणी फ्रीजमधे आणि आठवड्यात संपवा. अंजिरं वर तरंगतील, पाक थोडा खाली गेलेला दिसेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण पुढे कधी झाकण फुगलं, पाकात बुडबुडे दिसले, उघडताना पाक उसळला, तर न चाखता टाकून द्या. तारीख लिहा, अंधाऱ्या कपाटात ठेवा, वर्षभरात संपवा.