७,४०० टनांच्या विनाशिकेवर हवाई संरक्षणाची ३२च क्षेपणास्त्रे का?

सिंधुसागर यांचा प्रश्न

नमस्कार. १५ जानेवारी २०२५ रोजी ‘आयएनएस सुरत’ मुंबईत नौदलात दाखल झाली आणि प्रोजेक्ट १५ बी मधील, म्हणजे विशाखापट्टणम वर्गातील, चारही विनाशिका पूर्ण झाल्या. त्याआधी ‘विशाखापट्टणम’ नोव्हेंबर २०२१ मध्ये, ‘मुरगाव’ डिसेंबर २०२२ मध्ये आणि ‘इम्फाळ’ डिसेंबर २०२३ मध्ये दाखल झाली होती. चारही नौका माझगाव डॉकने बांधल्या असून प्रत्येकीची लांबी १६३ मीटर आणि वजन सुमारे ७,४०० टन आहे.

या नौकांविषयी वाचताना एक गोष्ट मनात सलत राहते. हवाई संरक्षणासाठी त्यांच्यावर बराक-८ ची फक्त ३२ क्षेपणास्त्रे आहेत. साधारण तेवढ्याच वजनाच्या चिनी ०५२-डी विनाशिकेवर ६४ सेल (क्षेपणास्त्रे ठेवण्याच्या व सोडण्याच्या उभ्या नळ्या) आहेत, तर अमेरिकेच्या आर्ले बर्क वर्गाच्या अलीकडच्या नौकांवर ९६. एवढे मोठे जहाज बांधायचे आणि त्यात ३२च क्षेपणास्त्रे ठेवायची, यामागे रचनेचे काही कारण आहे, की खर्चाचा हात आखडता घेतला आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

दर्यासारंग यांचे उत्तर

प्रश्न योग्य आहे, पण आपण ज्या आकड्यांची तुलना केली आहे ते एका जातीचे नाहीत. ०५२-डी वरील ६४ सेल सामाईक आहेत. विमानवेधी, जहाजवेधी आणि पाणबुडीविरोधी अशी सगळी अस्त्रे त्यांतच वाटून बसवावी लागतात. आर्ले बर्कचेही तेच. विशाखापट्टणम वर्गात मात्र दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. बराकसाठी आठ-आठच्या चार गटांत ३२ सेल आहेत आणि जहाजवेधी ब्राह्मोससाठी आठ-आठच्या दोन गटांत १६ वेगळे सेल आहेत. त्यामुळे तुलना करायचीच तर ६४ समोर ४८ हा आकडा ठेवावा लागेल. फरक तरीही उरतो, पण दुपटीचा राहत नाही.

त्या १६ सेलची किंमत जागेच्या हिशोबात मोजून पाहा. बराक-८ ची लांबी साधारण साडेचार मीटर आणि वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास आहे. ब्राह्मोस सुमारे आठ मीटरहून अधिक लांब आणि तीन टन वजनाचे आहे, म्हणजे वजनात दहा बराकांच्या बरोबरीचे. ते उभे ठेवायचे तर जहाजाच्या पोटात दोन-तीन मजले खोल विहीर लागते, आणि तीही तोफ व पुलाच्या (नौका जिथून चालवतात त्या कक्षाच्या) मधल्या, मुळातच मर्यादित असलेल्या पट्ट्यात. मागच्या बाजूला दोन हेलिकॉप्टरांचा हँगर आहे, तर ०५२-डी वर एकाचीच सोय आहे. मध्यभाग चार गॅस टर्बाइन आणि त्यांच्या हवा आत घेण्याच्या व धूर बाहेर सोडण्याच्या रुंद नळकांड्यांनी व्यापलेला असतो. ज्यांना जहाज रिकाम्या गोदामासारखे वाटते, त्यांनी या नळकांड्यांचा आकार एकदा लक्षात घ्यावा.

आता थोडा इतिहास, कारण तो रंजक आहे. याच मालिकेतील पहिली नौका ‘आयएनएस दिल्ली’ १९९७ मध्ये दाखल झाली, तेव्हा तिच्यावर रशियन श्टिल प्रणालीचे दोन प्रक्षेपक होते आणि प्रत्येकाच्या कोठारात २४, म्हणजे एकूण ४८ क्षेपणास्त्रे होती. याचा अर्थ कागदावर जुनी नौका नव्या नौकेपेक्षा वरचढ होती! परंतु तो प्रक्षेपक एका बाहूचा होता. त्याने लक्ष्याच्या दिशेला वळायचे, एक क्षेपणास्त्र सोडायचे आणि मग खालच्या कोठारातून पुढचे वर येऊन अडकेपर्यंत थांबायचे. शिवाय प्रत्येक क्षेपणास्त्राला शेवटपर्यंत लक्ष्य ‘उजळून’ दाखवणारे एक रडार जहाजावर अडकून पडत असे. बराक-८ ची प्रत्येक नळी स्वतंत्र आणि कायम सज्ज आहे. क्षेपणास्त्र उभे वर जाते आणि मग वळते. वाटेत जहाजाकडून त्याला डेटालिंकद्वारे सुधारित माहिती मिळत राहते आणि शेवटच्या टप्प्यात ते स्वतःच्या रडारने लक्ष्य शोधते. म्हणून कोठारात किती आहेत याच्या इतकेच महत्त्व पहिल्या अर्ध्या मिनिटात किती सोडता येतात याला आहे.

हे अर्धे मिनिट कुठून आले तेही सांगतो. समजा, रडार पाण्यापासून २५ मीटर उंचीवर आहे आणि शत्रूचे क्षेपणास्त्र लाटांवरून ५ मीटर उंचीने येत आहे. पृथ्वीच्या वक्रतेमुळे ते साधारण ३० किलोमीटरवर आल्यावरच रडारला दिसेल. ध्वनीपेक्षा किंचित कमी वेगाचे, म्हणजे सेकंदाला सुमारे ३०० मीटर जाणारे क्षेपणास्त्र असेल तर हातात शंभर सेकंद राहतात. ब्राह्मोसच्या वेगाचे असेल तर जेमतेम तीस. बराक-८ चा पल्ला ७० किलोमीटर सांगितला जातो, पण असल्या लक्ष्याविरुद्ध त्यातला निम्माही वापरायला मिळत नाही. या नौकांवरील एमएफ-स्टार रडारचे चार स्थिर फलक डोलकाठीवर उंच बसवले आहेत ते याचसाठी. फिरत्या अँटेनाला एक फेरा पूर्ण व्हावा लागतो. इथे चारही दिशांना एकेका फलकाची नजर कायम लागलेली असते.

त्रिज्या यांचे उत्तर

दर्यासारंग यांचे गणित मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. एका येणाऱ्या क्षेपणास्त्रावर खात्रीसाठी दोन सोडण्याची पद्धत सर्वत्र आहे. त्या हिशोबाने ३२ म्हणजे १६ लक्ष्ये, आणि तीही एकाही लक्ष्यावर दुसऱ्यांदा मारा करावा लागला नाही असे धरले तर. उभ्या नळ्या समुद्रावर पुन्हा भरणे व्यवहारात जवळपास अशक्य असते, बंदरातच यावे लागते. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी तांबड्या समुद्रात अमेरिकेच्या ‘कार्नी’ या विनाशिकेला एकाच प्रसंगात अनेक ड्रोन आणि क्रूझ क्षेपणास्त्रे पाडावी लागली. स्वस्त ड्रोनांचे थवे पाठवून महागडी क्षेपणास्त्रे खर्ची पाडायची, ही रीत आता कोणालाही परवडते. अशा वेळी ‘आमची क्षेपणास्त्रे लवकर सुटतात’ हे उत्तर अपुरे पडते, कारण लवकर सुटतात तशी ती लवकर संपतातही.

दुसरा आक्षेप मधल्या थराचा आहे. दिल्ली वर्गावर नंतर बराक-१ ही जवळच्या पल्ल्याची प्रणाली बसवली होती. त्यानंतरच्या कोलकाता आणि विशाखापट्टणम वर्गांत ती नाही. बराक-८ च्या तावडीतून जे सुटेल, त्याच्यासाठी चार एके-६३० तोफा, ७६ मिलिमीटरची मुख्य तोफ आणि फसवे अग्निबाण एवढेच उरते. एके-६३० सहा नळ्यांची आहे, मिनिटाला हजारो गोळ्या झाडते, पण तिचा परिणामकारक पल्ला दोन-चार किलोमीटरांचा. इतक्या जवळ फोडलेल्या वेगवान क्षेपणास्त्राचे तुकडेसुद्धा रडारची चाळण करू शकतात. चारही नौकांच्या बांधणीचा करार जानेवारी २०११ मधला आहे, त्या वेळचा धोका वेगळा होता हे मी समजू शकतो. तरी पुढच्या वर्गात हीच मांडणी जशीच्या तशी उचलली जाऊ नये असे मला वाटते.

सिंधुसागर

दोघांचे आभार. ३२ आणि ६४ यांची तुलना करताना माझी गल्लत झाली हे कबूल. मात्र एक उपप्रश्न आहे. कोलकाता वर्ग आणि हा वर्ग यांची शस्त्रे जवळपास सारखीच दिसतात, मग नवे काय केले? आणि पाणबुड्यांविरुद्ध या नौकेची तयारी कशी आहे?

जुना माझगावकर यांचे उत्तर

दोन्ही वर्गांचा सांगाडा मुद्दामच एक ठेवला आहे. नवा सांगाडा म्हणजे नव्या चाचण्या, नवे नकाशे आणि नवा विलंब. कोलकाता वर्गाने विलंब पुष्कळ भोगला होता. ‘कोलकाता’चे जलावतरण २००६ चे आणि नौदलात प्रवेश ऑगस्ट २०१४ चा. त्या दिवशीही तिचे बराक-८ तयार नव्हते. तिच्यावरून ते पहिल्यांदा डागले गेले ते डिसेंबर २०१५ च्या अखेरीस. म्हणून १५ बी मध्ये सांगाडा तोच ठेवून वरचा भाग सुधारला. पुलाची आणि डोलकाठीची रचना अधिक सफाईदार केली, हेलिकॉप्टर हँगरमध्ये ओढून नेण्यासाठी डेकवर रूळ लागणार नाहीत अशी यंत्रणा बसवली आणि अणू, जैविक व रासायनिक हल्ल्यातही आतली हवा शुद्ध राहील अशी व्यवस्था सगळ्या नौकेला दिली. सांगाड्याचे पोलाद डीएमआर २४९ ए हे देशी आहे.

रडारला चकवणारी रचना म्हणजे काय, हे मला पुस्तकापेक्षा अंगाला आधी कळले. काही वर्षांपूर्वी कोलकाता वर्गातील एक नौका लोकांना पाहण्यासाठी खुली होती. रांगेत उभे राहून पाय दुखू लागले म्हणून मी बाजूच्या भिंतीला पाठ टेकायला गेलो, तर टाचा भिंतीला लागल्या आणि पाठ अधांतरीच राहिली. वर जाताना भिंत आत झुकत गेलेली होती. रडारचा झोत अशा भिंतीवर पडला की तो आला त्या वाटेने परत न जाता आकाशाकडे फेकला जातो. सरळ उभी भिंत आणि सपाट डेक यांचा काटकोन मात्र झोत थेट मागे पाठवतो, म्हणून असे काटकोन शक्य तितके टाळलेले असतात. पुढच्या डेकवर ब्राह्मोसची जाड झाकणे पाहिली, ती धान्याच्या पेवांवर झाकणे ठेवावीत तशी जमिनीसरशी. शेजारचा एक मुलगा ‘क्षेपणास्त्रे कुठे आहेत?’ असे विचारत होता आणि तो त्यांच्यापासून चार पावलांवर उभा होता.

पाणबुड्यांविषयी माझे मत असे की या नौकेचे खरे पाणबुडीविरोधी शस्त्र म्हणजे तिची हेलिकॉप्टरे. नाळेच्या फुगवट्यातील हमसा-एनजी सोनार (पाण्याखाली ध्वनीने शोध घेणारे यंत्र) आहे, ५३३ मिलिमीटरच्या पाणतीरांच्या (टॉर्पेडोंच्या) चार नळ्या आहेत आणि दोन आरबीयू-६००० प्रक्षेपक आहेत. पण त्या प्रक्षेपकांचे रॉकेट सहा किलोमीटरच्या आसपास पडते, आणि आधुनिक पाणबुडी आपला पाणतीर त्याच्या कितीतरी दुरून सोडते. हेलिकॉप्टर मात्र जहाजापासून दूर जाऊन सोनार पाण्यात बुडवू शकते आणि पाणबुडीला त्याचा ठाव लागणे अवघड असते. जुन्या सी किंग हेलिकॉप्टरची जागा आता एमएच-६० आर घेत आहे. त्याची पहिली तुकडी मार्च २०२४ मध्ये कोची येथे कार्यान्वित झाली. म्हणूनच दोन हेलिकॉप्टरांच्या हँगरची जागा काढून तिथे आणखी बराक बसवावेत, असे कोणी सुचवले तर त्याला माझा विरोध राहील.

दर्यासारंग

त्रिज्या यांच्या मधल्या थराच्या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, तो आक्षेप रास्त आहे. एवढेच म्हणेन की ड्रोनसाठी ७६ मिलिमीटरची तोफ वाटते तितकी दुबळी नाही. या वर्गासाठी आधी १२७ मिलिमीटरच्या तोफेचा विचार होता. ती मिळाली असती तर किनाऱ्यावरील माऱ्याला अधिक उपयोगी पडली असती. परंतु ७६ ची गती मिनिटाला १२० गोळ्यांपर्यंत जाते आणि हवेतल्या लहान, संथ लक्ष्याविरुद्ध मोठ्या गोळ्यापेक्षा झपाटा जास्त कामाला येतो. एका ड्रोनमागे एक बराक खर्च करण्यापेक्षा हे खिशालाही बरे.

‘सुरत’ने एप्रिल २०२५ मध्ये लाटांलगत उडणारे लक्ष्य बराक-८ याच मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्राने पाडून दाखवले. वर मी ज्या ३० किलोमीटरचे गणित मांडले, ती हीच परिस्थिती.

त्रिज्या

एका लक्ष्याची चाचणी आणि थव्याची चाचणी यांत अंतर आहे, तेव्हा माझे मत कायम आहे. हँगरला मात्र हात लावू नये, हे माझगावकरांचे म्हणणे पटले. जानेवारी २०२४ मध्ये एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ हे तेलवाहू जहाज क्षेपणास्त्र लागून पेटले, तेव्हा ‘आयएनएस विशाखापट्टणम’ मदतीला धावली आणि तिच्या दहा जणांच्या पथकाने त्या जहाजावर उतरून आग विझवायला हातभार लावला. त्या जहाजावर २२ भारतीय खलाशी होते. ७,४०० टनांतली काही जागा अशा कामासाठी लागणारी माणसे, पंप आणि नावा यांनाही द्यावी लागते, हे सेल मोजताना माझ्याही लक्षात राहिले नव्हते.